घशातला काफ

उस्मान सारंगसरांना एकतीस वर्षांच्या नोकरीत जी प्रसिद्धी मिळाली नाही, ती त्यांना खोकल्याने मिळवून दिली, आणि सरांना तर खोकला झालेलाच नव्हता.

सर दीनियात शिकवतात. दीनियात म्हणजे धर्मशिक्षण. अंधेरीत कोकणी मुसलमान मंडळींच्या एका ट्रस्टची मराठी शाळा आहे, तिथे तिसरी-चौथीला आठवड्यातून चार तास दीनियातचे असतात. गणिताच्या तासाला मुलं घाबरतात, पीटीच्या तासाला पळतात आणि दीनियातच्या तासाला डबा खातात. ही जुनी वहिवाट आहे आणि सरांनी तिला कधी हरकत घेतली नाही. डबा खाताना मुलं निदान गप्प असतात, आणि सरांना उच्चार समजावून सांगायला शांतता लागते.

उच्चार हा सरांचा जीव. आणि त्यातही काफ. अरबी लिपीत काफ दोन आहेत. एक आपला साधा, टाळूला जीभ लावून निघतो तो. दुसरा पार आत, पडजिभेच्या शेजारी राहतो आणि सहजासहजी बाहेर येत नाही. मराठीत या दोघांना मिळून एकच क असल्यामुळे इथून पुढे छापताना ते सारखेच दिसतील. वाचकांनी आपापल्या घशातून फरक करून घ्यावा. हा फरक काही किरकोळ नाही. आतल्या काफाने 'कल्ब' म्हटलं तर अर्थ होतो हृदय. बाहेरच्या काफाने म्हटलं तर कुत्रा. म्हणजे माणूस अगदी भक्तिभावाने हृदयाबद्दल काही मागत असतो आणि वर कुत्र्याचा अर्ज पोचतो, असं सर दर वर्षी जूनमध्ये चौथीला सांगत. चौथी दर वर्षी कुत्र्याला हसायची आणि पुन्हा डब्याकडे वळायची.

यंदा शाळेत डिजिटल फळा आला. ट्रस्टचे अध्यक्ष हाजी मुकादम यांच्या हातून त्याचं उद्घाटन झालं आणि सगळे विषय दिवाळीपर्यंत 'डिजिटल माध्यमातून' शिकवले जावेत असा ठराव झाला. मुख्याध्यापिका परकार मॅडमनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. या परकार मॅडम चौथीत सरांच्याच वर्गात होत्या आणि दीनियातच्या तासाला त्यांच्या डब्यात कायम आंबोळी असे, हे सरांना अजून आठवतं, त्यामुळे त्या रागावल्या तरी सरांना तितकंसं लागत नाही. मॅडमनी चाचरत सांगितलं की दीनियातसाठी एका कंपनीचं तयार अ‍ॅप बघून ठेवलंय. ते लावलं की वर्गात कुणीही शिक्षक बसला तरी भागतं. सरांचं निवृत्तीला एकच वर्ष राहिलंय, तर तेवढं वर्ष त्यांनी लायब्ररी सांभाळावी. मग अर्थात, सरांनी स्वतः काही डिजिटल धडे तयार केले तर गोष्ट वेगळी, असं त्या जाता जाता म्हणाल्या. ते त्या केवळ आंबोळीला जागून म्हणाल्या असाव्यात.

सरांना मोबाइलवर फोन घेता येत होता आणि ठेवता येत होता. तरीही ते "करतो" म्हणाले. त्याचं कारण त्यांनी मॅडमना सांगितलं नाही, मी सांगतो. सरांची बायको मोमीना दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगी शारजाला, ती शुक्रवारी फोन करते. बाकी आठवडाभर सर घरी येतात, कुलूप काढतात, चहा करतात, आणि त्या चहापासून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या तासापर्यंत त्यांच्या तोंडून एक शब्द बाहेर पडत नाही. सर दिवसभरात जे काही बोलत, ते त्या तासालाच. लायब्ररीत तर बोलायला बंदीच असते.

तर सरांनी रीतसर अर्ज केला. लहान मुलांच्या अरबी अक्षरांच्या पहिल्या पुस्तकाला 'कायदा' म्हणतात. सरांनी विषय लिहिला: 'कायद्याचे डिजिटल माध्यमातून सादरीकरण करण्यास परवानगी मिळणेबाबत.' ट्रस्टच्या ऑफिसात नवा क्लार्क आला होता. त्याने 'कायदा' वाचला आणि फाइल सरळ ट्रस्टच्या वकिलांकडे पाठवून दिली. वकिलांनी ती पाच आठवडे ठेवून घेतली आणि विचारणा केली की सदर कायदा राज्याचा आहे की केंद्राचा, आणि त्यात अलीकडे काही दुरुस्ती झाली आहे काय. सरांनी उत्तर दिलं की सदर कायद्यात गेली कित्येक शतकं दुरुस्ती झालेली नाही. त्यावर वकिलांनी लाल शाईत शेरा मारला, 'मग तातडीने तपासावा.' शेवटी परकार मॅडम स्वतः पुस्तक हातात घेऊन वकिलांकडे गेल्या आणि पहिल्या पानावरचं अलिफ हे अक्षर दाखवून त्यांनी फाइल सोडवून आणली. तोवर ऑगस्ट संपत आला होता.

सरांची सोसायटी डी. एन. नगरच्या मागच्या बाजूला, तीन मजल्यांची, बिनलिफ्टची. समोरच्या ब्लॉकमध्ये विद्याधर राहतो. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्याला प्रत्येक विषयात मत आहे, आणि त्याची बायको मधुवंती सुगम संगीताचे क्लास घेत असल्यामुळे तिला प्रत्येक घशात. सरांचा प्रकल्प जिन्यातच फुटला आणि त्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. विद्याधर म्हणाला, अरे सारंग, आजकाल फळ्यापुढे उभं राहून कोण बघतं, तू जुहूला जा, मागे समुद्र पाहिजे. सर बिचारे खरंच एका रविवारी सकाळी जुहूला गेले. वाळूत उभं राहून ते पडजीभ समजावून सांगायला लागले, तर दोन मिनिटांत भोवती माणसं जमली. एका बाईंनी विचारलं, "काका, दातांचं करता का तुम्ही?" सर घरी आले. दोन दिवस ते विद्याधरशी बोलले नाहीत, म्हणजे विद्याधरशीसुद्धा बोलले नाहीत.

मधुवंतीने ज्येष्ठमधाच्या काड्या दिल्या, गरम पाण्याच्या गुळण्या दिल्या, आणि वर बजावलं, "भाऊजी, घशातून काढू नका, बेंबीपासून काढा." सरांनी तिला नम्रपणे सांगितलं की बेंबीतून निघणारं एकही अक्षर अरबीत नाही. तिला ते पटलं नाही. तिच्या मते शोधलं असतं तर सापडलं असतं.

खरी मदत केली ती विद्याधर-मधुवंतीच्या मुलाने, मुकुलने. मुकुल आता तिशीचा आहे, पवईला एका ऑफिसात व्हिडिओच जोडायचं-कापायचं काम करतो. त्याने तीन रविवार दिले. सरांच्या हॉलमध्ये खिडकीला चादर लावली, टीपॉयवर पुस्तकांची चळत रचून त्यावर मोबाइल उभा केला, आणि सरांना इस्त्रीच्या शर्टात खुर्चीवर बसवलं. पहिल्या रविवारी पाण्याचा टँकर आला. टँकर गेला तेव्हा खालच्या मजल्यावर कुकर लागला. कुकरच्या पाच शिट्ट्या सरांनी डोळे मिटून सहन केल्या, सहावी वाक्याच्या मध्यात आली. मग कुणाची तरी डोअरबेल वाजली, जी आरती म्हणते आणि पूर्ण केल्याशिवाय थांबत नाही. सर तेवढा वेळ हात जोडून बसले होते, ते आरतीसाठी की वैतागाने, हे रेकॉर्डिंगवरून सांगता येत नाही.

दुसऱ्या रविवारी शांतता मिळाली आणि त्यामुळे नवीनच अडचण उघडी पडली. सर जे बोलत होते ते कंटाळवाणं होतं. "जिव्हामूल आणि मृदुतालू यांच्या संयोगस्थानी," अशी त्यांची सुरुवात होती. चौथ्या मिनिटाला मुकुल खुर्चीत पेंगला. सरांनी ते पाहिलं आणि ते थांबले. इतकी वर्षं मुलं डब्यामुळे ऐकत नाहीत असं त्यांना वाटत होतं. आज समोर डबा नव्हता.

मुकुल दचकून जागा झाला आणि ओशाळून म्हणाला, "सर, एक सांगू? काकी सांगायच्या तसं सांगा ना. घशातला काफ आणि घरातला काफ."

काकी म्हणजे मोमीना. आता इथे थोडं मागे जायला हवं, पण फार नाही. मोमीना दुपारी तीन ते पाच याच हॉलमध्ये बिल्डिंगमधल्या आणि आजूबाजूच्या मुलांना कायदा शिकवायची. चटईवर दहा-बारा मुलं आणि मध्ये गुळपोहे. विद्याधर आणि मधुवंती दोघंही तेव्हा नोकरीला जात, म्हणून मुकुल शाळा सुटली की इथेच यायचा आणि चटईच्या कडेला बसून गुळपोहे खाता खाता सगळी अक्षरं म्हणायचा. मोमीनाने दोन काफांची नावं पाडली होती. जो रोज उठून-बसून भेटतो तो घरातला. जो आत लपून बसतो तो घशातला. गंमत अशी की घशातला काफ तिला स्वतःला येतच नसे. ती मुलांना चक्क तसं सांगायची: माझ्या घशात तो राहायलाच आला नाही, तुमच्यात येतो का बघा. मग मुलं चढाओढीने खाकरायची आणि पाच मिनिटांत सगळ्यांना काफ यायचा. एकट्या मुकुलला आला नाही, कारण त्याला तो यायलाच हवा असं कुणाला वाटलं नव्हतं. त्याने काकींचा उचलला.

सरांना हे मुळीच मंजूर नव्हतं. घशातला, घरातला ही काय भाषा झाली? त्यांनी तिला तीस वर्षं सुधारलं. जेवताना सुधारलं, गावी दाभोळला जाताना गाडीत सुधारलं, एकदा तर निकाहच्या जेवणावळीत चारचौघींसमोर सुधारलं. ती 'कल्ब' म्हणाली की हे म्हणायचे, "हृदय म्हणायचं होतं ना? कुत्रा म्हणालीस." एकदा तिने शांतपणे पापलेटला मीठ-हळद लावता लावता उत्तर दिलं, "असू द्या. दोघांचं काम एकच. दारात बसून वाट बघायचं." यावर सरांनी पुन्हा एकदा तिचा उच्चार सुधारला होता.

तर तिसऱ्या रविवारी सर खुर्चीत बसले आणि आयुष्यात प्रथमच बायकोच्या शब्दांत बोलले. "मुलांनो, काफ दोन. एक घरातला, एक घशातला. घशातला काफ कसा काढायचा, ते आज बघू." झकास जमलं. मुकुल म्हणाला, आता चुकीचा पण म्हणून दाखवा, म्हणजे मुलांना फरक कळेल. सर तयार झाले, तोंड उघडलं, आणि चुकीचा काफ येईना. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा काफ घशातूनच आला. इतक्या वर्षांची सवय. मुकुल कंटाळून मोबाइलच्या मागूनच म्हणाला, "राहू द्या सर, मी म्हणतो. कल्ब."

हॉलमध्ये मोमीना बोलली. आवाज पुरुषाचा होता, जाड, थोडा नाकातला. पण तो काफ तिचा होता. क वर किंचित जोर, ल अर्धा गिळलेला, आणि ब नंतर ओठ मिटून क्षणभर थांबणं, जणू विचारतेय की बरोबर आलं ना. वीस-बावीस वर्षं तो त्या मुलाच्या तोंडात तसाच राहिला होता आणि समोरच्या ब्लॉकमध्ये राहूनही सरांना त्याचा पत्ता नव्हता.

सर म्हणाले, "परत म्हण." मुकुल म्हणाला. सर म्हणाले, आवाज नीट नाही आला, परत. मग म्हणाले, मागे कावळा ओरडला, परत. कावळा ओरडला नव्हता. बरोबर उच्चार एका टेकमध्ये झाला होता आणि चुकीच्या उच्चाराचे अकरा टेक झाले. मुकुलला वाटलं, सर म्हणजे सर, चूकसुद्धा बिनचूक पाहिजे.

व्हिडिओ सोमवारी शाळेच्या चॅनेलवर चढला. खाली मराठी अक्षरं आपोआप उमटावीत म्हणून मुकुलने मोबाइलमधल्या कसल्याशा सोयीला ते काम दिलं, आणि ऑफिसला उशीर होत होता म्हणून ते तपासलं नाही. त्या सोयीला दीनियात ठाऊक नव्हतं. तिने सरांचं बोलणं ऐकलं, आपल्या अकलेप्रमाणे दुरुस्त केलं आणि व्हिडिओला ठळक अक्षरांत नाव दिलं: 'घशातला कफ कसा काढायचा. उस्मान सर.'

पावसाळा सरत आला होता, अर्धा महाराष्ट्र खोकत होता. गुरुवारपर्यंत चाळीस हजार लोकांनी व्हिडिओ पाहिला. त्यात एक सज्जन, स्वच्छ दाढीचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस अतिशय कळकळीने सांगत होता की जीभ मागे न्या, घसा मोकळा सोडा, कफ आतून येऊ द्या, ओढू नका, तो स्वतः येईल. खाली लोक लिहीत होते: सर, खूप छान. सर, जेवणाआधी की नंतर? सर, आईला दमा आहे, तिने केलं तर चालेल? लातूरच्या एका गृहस्थांनी लिहिलं की दोन दिवसांत फरक आहे, पण शेजारी तक्रार करतात. चिपळूणच्या एका बाईंनी हळद घालून बघायचा सल्ला दिला. सरांचा नंबर कुठून बाहेर आला कळलं नाही, पण फोन सुरू झाले. एकाने फोनवरच करून दाखवलं आणि विचारलं, बरोबर निघतोय का? सरांनी नाइलाजाने ऐकलं. काफ उत्तम निघत होता. सर ते म्हणाले, आणि मग समोरच्या माणसाने आनंदाने थुंकलेलंही त्यांना ऐकू आलं.

सरांचा फार अपमान झाला. त्यांनी शाळेखेरीज घराबाहेर पडणं सोडलं, पण लोक काही त्यांना सोडेनात. सोसायटीच्या ग्रुपवर विद्याधरने 'आमचे जीवलग मित्र' असं लिहून व्हिडिओ टाकला. वर्सोव्याहून मासळीची टोपली घेऊन येणाऱ्या अंजनाबाई मोमीनाच्या मैत्रीण. ती गेल्यावरही त्या दर गुरुवारी सरांच्या दारात चार बोंबील ठेवून जातात आणि सर ते मधुवंतीला देऊन टाकतात, कारण त्यांना करता येत नाहीत. त्या गुरुवारी अंजनाबाई ठेवून गेल्या नाहीत, उंबऱ्यावर बसल्या. नातवाच्या मोबाइलवर त्यांनी व्हिडिओ पाहिला होता. खोकल्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. "मास्तर," त्या म्हणाल्या, "त्यात मधीच मोमीना कुठून बोलली?"

सरांना रडू आलं. ते त्यांनी लपवलं नाही, आणि अंजनाबाईंनी ते पुसायला सांगितलं नाही. त्या थोडा वेळ बसल्या आणि टोपली डोक्यावर घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेल्या.

शुक्रवारी ट्रस्टचं पत्र आलं. वैद्यकीय परवाना नसताना शाळेच्या नावे उपचार सुचवल्याबद्दल खुलासा, तीन प्रतींत, मंगळवारच्या बैठकीत समक्ष सादर करावा. शिवाय त्याच बैठकीत कंपनीचं अ‍ॅप दाखवलं जाणार होतं. म्हणजे सरांचा तास जाणार, हे ठरल्यातच जमा होतं. मुकुलला इतकं वाईट वाटलं की त्याने रजा टाकली आणि सरांबरोबर शाळेच्या दारापर्यंत आला. वाट लागली सर, माझ्यामुळे वाट लागली, असं तो रिक्षाभर म्हणत होता. सरांनी त्याच्या भाषेत दोष काढला नाही, यावरून त्यांची अवस्था लक्षात यावी.

बैठकीत आधी अ‍ॅप झालं. सुंदर होतं, यात वाद नाही. अक्षरं सोनेरी होती, मागे वाळवंट, आणि कुणा अरबाचा असा निर्दोष आवाज की सरांनी मनातल्या मनात त्याला दहापैकी दहा दिले. नमुन्यादाखल चौथीची सहा मुलं आणून बसवली होती. आवाज म्हणाला काफ, मुलं म्हणाली काफ. आवाज दोन वेगळे काफ काढत होता, मुलांचा दोन्ही वेळा घरातलाच. आवाज काही न बोलता पुढच्या अक्षरावर गेला, कारण त्याला ऐकू येत नव्हतं. सरांच्या एकदम जिभेवर दुरुस्ती आली, पण त्यांनी हातातल्या प्रती सारख्या केल्या. त्यांना खुलासा करायचा होता.

खुलाशाच्या वेळी हाजी मुकादमांनी तिन्ही प्रती बाजूला सारल्या. सत्तरीचे गृहस्थ, रागीट म्हणून प्रसिद्ध. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खाजगी आवाजात सांगितलं की आपल्याला महिनाभर खोकला आहे. सुनेने मागच्या मंगळवारी एक व्हिडिओ लावून दिला. माणूस ओळखीचा वाटला, पण चष्मा नव्हता. सकाळ-संध्याकाळ वीस-वीस वेळा केलं. "खोकला काय गेला नाही," हाजी म्हणाले, "पण सारंग, माझा काफ सुधारला." आणि त्यांनी भर बैठकीत तो काढून दाखवला. सत्तर वर्षं घरातल्या काफावर निभावलेल्या माणसाच्या घशातून तो असा खणखणीत आला की मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुलांनाही मग राहवेना. सहाच्या सहा खाकरली आणि पाच जणांना जमला. परकार मॅडमनाही जमला, पण त्यांनी तो रुमालाआड काढला.

तास वाचला. ठराव होत होता. व्हिडिओ रीतसर दीनियातच्या अभ्यासक्रमात घ्यावा, नाव दुरुस्त करावं, 'हा वैद्यकीय सल्ला नव्हे' अशी पाटी लावावी. सरांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात हाजी म्हणाले, "आणि ते मध्ये कुणी तरी चुकीचं म्हणतंय, ते काढून टाका. दीनियातमध्ये चूक नको." सगळ्यांनी माना हलवल्या. बरोबरच होतं. सर स्वतः अध्यक्ष असते तर त्यांनीही हेच म्हटलं असतं, किंबहुना तीस वर्षं घरात दुसरं काही म्हटलंच नव्हतं.

सर उभे राहिले. "चूक राहील," ते म्हणाले.

असं या शाळेत कुणी हाजींना म्हटलं नव्हतं. सरांनी घाईघाईने शास्त्रीय कारण दिलं, चुकीचा ऐकल्याशिवाय मुलांना बरोबर कळत नाही वगैरे. हाजी म्हणाले, ते ठीक, पण मग चांगल्या माणसाकडून चूक करून घ्या, हा कोण आहे? आवाज कुणाचा आहे?

"माझ्या बायकोचा," सर म्हणाले.

बैठकीत सगळे गोंधळले. आवाज तर पुरुषाचा होता, आणि मोमीना गेली हे सगळ्यांना माहीत होतं, हाजी स्वतः दफनविधीला होते. सरांनी बाजूला सारलेल्या प्रतींतली तिसरी उचलली. तिची घडी घालत आणि उलगडत ते उभेच राहिले. परकार मॅडम खाली बघून म्हणाल्या, "काकी चटईवर आम्हालाही असंच म्हणून दाखवायच्या, कल्ब." त्यांनी ते बरोबर चुकीचं म्हटलं. हाजींनी क्लार्ककडे वळून लिहायला सांगितलं. त्या इतिवृत्तात, ठराव क्रमांक सात, अजून तसं आहे: 'श्री. सारंग यांच्या विनंतीवरून चूक कायम करण्यात येत आहे.'

आता चौथी दीनियातच्या तासाला घशातला काफ काढते. मुलं डबा खातातच, पण घास संपवून काढतात.

गेल्या रविवारी मुकुल व्हिडिओचं नाव दुरुस्त करायला आला होता. पाच मिनिटांत काम झालं. जेवायची वेळ होत आली होती, मधुवंती समोरून हाका मारत होती, तो निघाला. सरांनी त्याला दारातच थांबवलं. सर दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. ती खुर्ची पूर्वी खिडकीजवळ असायची. मोमीनाच्या वेळी दुपारी मुलं यायची म्हणून दार उघडं असे, आणि हल्ली सर ते सुट्टीच्या दिवशी तसंच उघडं टाकून बसतात.

"मुकुल, जरा ते म्हणून दाखव," सर म्हणाले.

"रेकॉर्ड करू?"

"नको. असंच."

"कुठला सर, बरोबर की चुकीचा?"

सर म्हणाले, तुला येतो तो.

"कल्ब," मुकुल म्हणाला, आणि ओठ मिटून क्षणभर थांबला.

सरांनी त्याला सुधारलं नाही.